वाद्याचा जीर्णोद्धार

इ. स. २००४ सालीं न्यूयॉर्क येथें क्रिस्टीज या लिलावाच्या पेढीनें एरिक क्लॅप्टन या इंग्रज वादकाची एक विजेची गिटार ९,५९,५०० डॉलरांस विकली. थोरामोठ्यांच्या पागोट्यांस व जोड्यांस जगांत किंमत येते, तशीच ही आली, असें म्हणून हें वृत्त सोडून देतां आलें असतें. परंतु त्यांत एक गोष्ट विचार करणाऱ्यास थबकविणारी आहे. ही गिटार मुळांत एक गिटारच नव्हे. क्लॅप्टननें १९७० सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथील एका दुकानांतून फेंडर कंपनीच्या कांहीं जुन्या गिटारी स्वस्तांत घेतल्या, त्यांपैकीं तीन स्नेह्यांना वांटल्या, आणि बाकीच्या तिहींचे चांगले चांगले अवयव निवडून त्यांची एक गिटार जुळविली. रंगानें काळी म्हणून तिला ‘ब्लॅकी’ हें नांव मिळालें.

आतां त्याच बाजारांतील दुसरा दंडक पाहा. त्याच काळांत झालेली, त्याच कंपनीची एखादी गिटार कोणा अप्रसिद्ध गृहस्थाच्या माळ्यावर सांपडली, आणि पूर्वीं केव्हां तरी तिचें मूळचें रोगण खरवडून त्यानें नवें दिलें असलें, तर तिची किंमत ढोबळ मानानें निम्म्यावर येते. आंतील तारेचा डाख कोणी उकलून पुन्हां दिला असेल तर तेवढ्यावरूनहि जाणता गिऱ्हाईक नाक मुरडतो. म्हणजे एके ठिकाणीं तीन देहांचा एक देह केला तर तो अमोल, आणि दुसरीकडे एक खिळा बदलला तर विटाळ! व्यापारी यावर म्हणेल कीं, पहिलींत माणसाची किंमत आहे व दुसरींत वस्तूची. उत्तर ठीक आहे. पण तेवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं, उलट तो नीट उभा राहतो. जुन्या वस्तूंत आपण जपावयाचें तें काय? तिचें द्रव्य, तिचा आकार, तिचें कार्य, कीं तिच्यावरून फिरलेला हात? आणि ती दुरुस्त करतांना या चोहोंपैकीं एक राखण्यासाठीं दुसरें घालवावें लागलें, तर कोणतें घालविणें न्याय्य?

ज्या वाचकांचा या वाद्याशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. सतारीचा नाद भोपळ्यांत घुमतो. विजेच्या गिटारीचें धड बहुधा भरीव फळीचें असतें व त्यांत पोकळी नसते. पोलादी तारांच्या खालीं लोहचुंबक बसवून त्यांच्याभोंवतीं केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. तार कंप पावली कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें, वेढ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो (हें तत्त्व फॅराडेनें १८३१ सालींच दाखविलें होतें), आणि तो प्रवाह वाढवून कर्ण्यांतून ऐकविला जातो. या वेढ्यांच्या डबीस ‘पिकअप’ म्हणतात. वाद्याचा कंठ म्हणावयाचा तर तो हाच. या जातीची पहिली गिटार १९३२ सालीं विक्रीस आली. ती ॲल्युमिनियमची असून दिसण्यांत तव्यासारखी होती. पुढें १९५० सालीं लिओ फेंडर या कॅलिफोर्नियांतील गृहस्थानें लांकडी फळीची गिटार बाजारांत आणली, आणि तिचा प्रसार झपाट्यानें झाला.

हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा होता, आणि आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. त्यानें गिटारीची दांडी धडास सरसानें चिकटविली नाहीं, चार स्क्रूंनीं आंवळली. हेतु उघड होता. दांडी झिजली कीं काढून टाकावी व दुसरी लावावी. कंठ बिघडला कीं झांकण उघडून नवा बसवावा. सारांश, हें वाद्य बदलण्यासाठींच जन्मास आलें. दुरुस्तीच्या दुकानांतलें तें लेंकरूं आहे. आणि आज त्याच चार स्क्रूंचे ‘मूळचेपण’ सिद्ध करण्यासाठीं लोक भिंगें घेऊन बसतात, आंतील सुट्या भागांवर ठोकलेल्या आंकड्यांवरून वर्ष व आठवडा काढतात. कर्त्याचा हेतु आणि भक्तांचा आचार यांत असें अंतर धर्मांत पडतें, हें आम्हांस ठाऊक होतें. गिटारींतहि तें पडावें याची मात्र मौज वाटते.

आमच्याकडील वाद्यांची गोष्ट निराळी. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाच्या शिकलगारानें हत्यारें पाजळण्याचा वडिलोपार्जित धंदा बसत चाललेला पाहून सतारी व तंबोरे करण्यास आरंभ केला. त्या पेठेंतील तंबोऱ्यास व सतारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपुराकडचा; तो एकदां लांकडाशीं जोडला कीं त्याची गांठ आयुष्याची. पण याच तंबोऱ्याच्या घोडीकडे पाहा. तिच्यावर तारा सारख्या घांसत असल्यामुळें तिच्यावरील पृष्ठ कालांतरानें खोलगट होतें व नाद बोथटतो. मग कारागीर तें पृष्ठ पुन्हां घांसून जवारी काढून देतो. प्रत्येक जवारीबरोबर घोडीचा एक पापुद्रा नाहींसा होतो, आणि त्याबरोबर मागल्या जवारीचा नादहि जातो. असें असूनहि, ‘अरेरे, मूळची जवारी गेली!’ असा शोक केलेला कोणी गवई आमच्या ऐकिवांत नाहीं. जवारी ही राखून ठेवण्याची चीज नसून पुनःपुन्हां काढण्याची आहे, हें तो जाणतो. वाद्य राखणें म्हणजे त्याचा थोडा थोडा क्षय पतकरणें, ही समज आमच्या कारागिरांच्या हाडीं मुरलेली आहे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानांत या प्रश्नाचें एक जुनें उदाहरण आहे. थीसियस या वीराचें जहाज अथेन्सच्या लोकांनीं जपून ठेविलें. कुजलेली फळी काढून नवी बसवितां बसवितां एकहि जुनी फळी उरली नाहीं, तेव्हां तें जहाज तेंच कीं दुसरें, असा वाद तेथील पंडितांत चाले, असें प्लुटार्कनें लिहून ठेविलें आहे. आमच्याकडे मिलिंदराजास नागसेनानें रथाच्या दृष्टान्तानें जें समजाविलें तेंहि याच घराण्यांतलें. परंतु सतराव्या शतकांत हॉब्सनें त्यांत एक पेंच घातला. समजा, कोणी एका माणसानें टाकून दिलेल्या सर्व जुन्या फळ्या गोळा केल्या व त्याच क्रमानें जोडून दुसरें जहाज उभें केलें. तर आतां खरें जहाज कोणतें? वर्गांत हा प्रश्न घातला कीं विद्यार्थी हंसतात. असा उद्योगी माणूस जगांत असेल असें त्यांना वाटत नाहीं. परंतु गिटारींच्या व्यापारांत तो आहे, आणि चांगला गबर आहे. सबंध जुनी गिटार विकण्यापेक्षां तिचे पिकअप, खुंट्या, कळा, स्क्रूदेखील सुटे विकले तर अधिक पैसा मिळतो, म्हणून चांगल्या वाजत्या गिटारी खोलल्या जातात, आणि त्यांचे अवयव दुसऱ्या गिटारींस ‘मूळचें’ करण्यासाठीं जातात. एकीच्या शुद्धीसाठीं दुसरीचा बळी! मूळचेपणाचें वेड मूळ वस्तूसच खाऊं लागतें, याहून अधिक स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

इमारतींच्या बाबतींत हा वाद गेल्या शतकाच्याहि पूर्वीं जोरांत झाला. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्यूक या स्थपतीचें म्हणणें असें कीं, जीर्णोद्धार म्हणजे इमारत अशा पूर्ण अवस्थेस नेणें कीं जी कदाचित् तिला कोणत्याहि काळीं प्राप्त झालेली नसेल. याच्या उलट रस्किननें १८४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत निक्षून सांगितलें कीं, असला जीर्णोद्धार म्हणजे आरंभापासून शेवटपर्यंत असत्य होय. मेलेल्यास उठवितां येत नाहीं तसें इमारतीसहि येत नाहीं. रस्किनचा आवेश आम्हांस नेहमींच थोडा जास्त वाटतो. त्याचें ऐकलें तर गळक्या छपराखालीं बसून भिंतीच्या सौंदर्याचें चिंतन करावें लागेल. तरी ‘असत्य’ हा शब्द त्यानें अचूक ठिकाणीं वापरला आहे असें आमचें मत आहे, आणि त्याचा उपयोग आम्ही पुढें करणार आहों.

तत्पूर्वीं महाराष्ट्रांतलीं दोन उदाहरणें. नाशिक जिल्ह्यांतील वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढत जाऊन त्याचें जाड कवच झालें होतें. तें २०२२ सालीं उतरविण्यांत आलें व आंतील रूप प्रकट झालें. आतां मूळची देवी कोणती? शेंदराखालचा पाषाण मूळचा, हें शिल्पशास्त्राचें उत्तर. पण ज्या आजीनें आयुष्यभर शेंदराचेंच मुख पाहून नवस केले, तिची देवी कोणती होती? दुसरें उदाहरण ग्रंथाचें. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ शिरले होते ते त्यांनीं काढले. परंतु हें करून ते गुपचुप बसले नाहींत. केव्हां केलें, कां केलें, हें त्यांनीं ग्रंथाच्या शेवटीं स्वतःच्या ओव्यांत नमूद केलें आणि पुढें कोणीं पदरची भर घालूं नये अशी ताकीद दिली. नाथांच्या शुद्धीकरणानें कांहीं जुने पाठ गेलेहि असतील. राजवाड्यांनीं १९०९ सालीं नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली ती याच शंकेच्या पोटीं. पण नाथांवर असत्याचा आरोप कोणासहि करतां येणार नाहीं, कारण त्यांनीं आपला हात लपविला नाहीं.

आतां ज्या प्रसंगानें हे विचार आमच्या मनांत आले तो सांगतों. आमचे एक स्नेही नोकरींतून मोकळे झाल्यावर मुळशीच्या जलाशयाच्या कांठीं लहानसें घर बांधून राहिले आहेत. त्यांचे वडील बंधु १९६० नंतरच्या दशकांत मुंबईस नाचगाण्याच्या बँडांत व क्वचित् चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवीत. ते निवर्तले, त्यांच्या पत्नी, वय ऐंशीच्या घरांत, आतां दिरापाशीं मुळशीस असतात. त्यांच्याबरोबर ती गिटारहि आली. जपानांत झालेली, फारशी ख्याति नसलेली, बाजारांत जिला कोणी विचारणार नाहीं अशी ती गिटार आहे. हें एका परीनें बरेंच झालें. किंमत मध्यें नसल्यामुळें प्रश्न निर्भेळ राहिला. ताम्हिणीकडचा पाऊस व दमट हवा यांत दोन पावसाळे काढल्यावर गिटार मुकी झाली. दोन पिकअपांपैकीं दांडीकडचा, म्हणजे ज्यावर ते गृहस्थ विशेषेंकरून वाजवीत तो, अजिबात बोलेना.

पौडास शेतांतील पंपाच्या मोटारी भरून देणारा एक कारागीर आहे. त्याच्याकडे ती डबी नेली तेव्हां त्यानें मीटर लावून सांगितलें, ‘आंत कुठंतरी तार तुटलीय.’ भिंगांतून पाहिलें तर वेढ्यांच्या एका कडेस हिरवा गंज दिसत होता. एवढी बारीक तार आपण भरीत नाहीं, असें तो प्रामाणिकपणें म्हणाला. म्हणजे मार्ग दोन उरले. एक तर जुन्या चुंबकांवर नवी तार भरून घ्यावयाची, कीं जुनी तार सगळी कापून टाकावी लागणार; किंवा डबी जशीच्या तशी जपून ठेवून तिच्या जागीं नवी बसवावयाची.

घरांत तीन मतें झालीं. स्नेह्यांची नात पुण्यास एंजिनिअरिंग शिकते. तिनें त्या बनावटीच्या गिटारीचीं छायाचित्रें मिळविलीं व तीं पाहून ठरविलें कीं गिटार कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं होती तशी करावी. कारण दरम्यान आजोबांनीं तिच्यांत बरेच फेरफार केले होते. एका कळेचें बटण जुन्या रेडिओचें होतें. मूळची घोडी जाऊन पितळेची ओतीव घोडी आली होती. धडास कडेला एक खांच पाडून वेगळा स्विच बसविला होता. हें सर्व काढून मूळचे सुटे भाग मागवावे, असें तिचें म्हणणें. स्नेही स्वतः म्हणत, कांहींच करूं नये. भावाचें वाद्य भावाबरोबर मुकें झालें, तें तसेंच भिंतीवर असूं द्यावें. आणि वहिनींनीं सर्व ऐकून घेऊन एवढेंच विचारलें, “भावोजी, वाजायचीच नसेल तर तिला टांगून काय करायचं? मला ती ऐकायची आहे.”

आम्ही पाहुणे, तरी मत विचारलें गेलें तेव्हां आम्हांस प्रथम नातीच्या पक्षाशींच झगडावें लागलें. ‘मूळची’ म्हणजे कोणत्या दिवसाची? कारखान्यांतून निघाली त्या दिवशीं ती कोणाचीच नव्हती. तिच्यासारख्या शेंकडों होत्या. ती ‘ही’ गिटार झाली ती त्या रेडिओच्या बटणानें व पितळी घोडीनें. ज्या काळीं परदेशी सुटे भाग मिळणें दुष्कर होतें, त्या काळीं एका वादकानें मिळेल त्या साधनांनीं आपल्या कानास हवा तो नाद काढण्याची खटपट केली. ती खटपटच त्या लांकडांत वस्तुरूपानें उरली आहे. ती काढून कारखान्याचें बटण बसविणें म्हणजे त्या माणसास पुसून टाकून त्याच्या जागीं जपानी कारखान्याचें सूचिपत्र बसविणें होय. नात हुशार आहे, तिनें लगेच विचारलें, “मग आजोबांनीं खांच पाडली तेव्हां त्यांनींहि मूळचें मोडलंच की!” खरें आहे. त्यांनीं मोडलें. पण वाजविण्यासाठीं मोडलें, आणि, आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, लपविलें नाहीं. झांकण उघडल्यावर आंतल्या लांकडावर पेन्सिलीनें चार तारखा लिहिलेल्या आढळल्या, पहिली १९६९ मधील व शेवटली १९८३ मधील; प्रत्येकीपुढें त्या दिवशीं काय केलें त्याची एका शब्दांत नोंद. ती पाहून आम्हांस नाथांच्या ओव्या आठवल्या. तुलना लहान तोंडीं मोठी आहे. पण आठवण झाली हें खरें.

कोणी म्हणेल, निर्जीव वस्तूशीं खरेंखोटें कसलें? लांकडास फसवितां येत नाहीं. बरोबर, लांकडास येत नाहीं, पण तें लांकूड उद्यां ज्याच्या हातीं जाईल त्यास येतें. जुनी वस्तु म्हणजे एक साक्षीदार असतो. त्यास बोलतें करणें निराळें आणि पढविणें निराळें. फेंडर कंपनीनें १९९५ पासून नव्या गिटारींचें रोगण मुद्दाम घांसून, धातूस गंज आणून त्या जुन्या दिसतील अशा करून विकण्याची प्रथा चालविली आहे. कंपनी गिऱ्हाइकास तसें सांगून विकते, म्हणून तिला लबाड म्हणतां येणार नाहीं. नव्या विजारी गुडघ्यांवर फाडून विकतात त्यांतलाच हा प्रकार. पण न झिजलेल्या हाताची झीज अंगावर मिरविणें हें आम्हांस तरी कसेंसेंच वाटतें. आणि हीच कला जेव्हां जुन्या गिटारीवरील दुरुस्ती झांकण्यास वापरली जाते, तेव्हां रस्किनचा शब्द तेथें पुरतेपणीं लागू पडतो.

उलट पक्षीं, फेरफार हाच दोष मानला तर वाद्यांचा इतिहासच दोषांची यादी ठरेल. आज आपल्या बैठकींत वाजते ती हार्मोनियम युरोपांत पायांनीं भाता मारून वाजविण्याची होती. ती येथें जमिनीवर बसली व तिचा भाता हातीं आला. तिच्या सुरांनीं समाधान होईना म्हणून सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं, ज्यांचा बावीस श्रुतींवरील ग्रंथ १९१० सालीं निघाला, क्लेमंट्स या सनदी नोकरांतील गृहस्थांच्या जोडीनें श्रुति-हार्मोनियम करवून पाहिली. पुढें १९४० सालीं नभोवाणीनें हार्मोनियमवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत कांहीं टळली नाहीं. गिटारीचेंहि तेंच. ब्रिजभूषण काबरा यांनीं तिला चिकारीच्या तारा जोडून मांडीवर घेतली आणि १९६७ सालीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह वाजविली. विश्वमोहन भट्ट यांनीं तिच्यावर तरफा चढविल्या व तिला मोहनवीणा म्हटलें. यांपैकीं प्रत्येकाच्या हातून एकेक चांगली गिटार ‘बिघडली’ असली पाहिजे.

तरी फेरफारास एक मर्यादा आम्हांस मानावीशी वाटते. जो फेरफार उद्यां दुसऱ्यास उलटवितां येईल तो करण्यास फार विचार नको. जो उलटवितां येणार नाहीं त्यापुढें मात्र हात थांबला पाहिजे. स्नेह्यांच्या ओसरीवर बसून हें बोलत असतां समोर पाणी पसरलेलें होतें. याच खोऱ्यांत १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट प्रभृतींनीं मावळ्यांसह सत्याग्रह केला. तो १९२४ पर्यंत चालला व अयशस्वी झाला. बावन्न गांवांच्या पेट्यांतील भातखाचरें पाण्याखालीं गेलीं. तें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून खालीं भिऱ्यास उतरतें व त्याची वीज मुंबईस जाते. त्या विजेचा कांहीं अंश तरी त्या मुंबईच्या बँडांतील गिटारीच्या कर्ण्यांतूनहि बोलला असेल. विजेचा उपयोग नाहीं असें कोण म्हणेल? मोबदला दिला गेला असेंहि सांगतात. पण मोबदल्यानें खाचर परत येत नाहीं. उलटवितां न येणारी गोष्ट जो करतो तो पुढच्या सर्वांच्या वतीनें निकाल देतो, आणि त्या पुढच्यांस कोणीं विचारलेलें नसतें. वाद्य आणि खोरें यांची तुलना प्रमाणांत बसत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण ‘माझी वस्तु आहे, मी तिचें वाटेल तें करीन’ असें म्हणणाऱ्या मालकास दोन्ही ठिकाणीं एकच उत्तर आहे: वस्तु तुमच्याकडे आहे खरी, पण तुमच्यापाशीं ती थांबणार नाहीं.

या मर्यादेनें पाहिलें तर नवा पिकअप बसवून जुना जपून ठेवणें हा निर्दोष मार्ग. आम्हींहि प्रथम तोच सुचविला. परंतु वहिनींच्या एका प्रश्नानें तो डळमळला. त्यांनीं विचारलें, “म्हणजे यांचा आवाज डबींत राहणार, आणि ऐकायचा दुसराच?” तांत्रिक दृष्ट्या प्रश्न अगदीं बिनतोड होता. त्या पिकअपचे चुंबक, त्याची डबी, तिच्यांतील वेढ्यांची संख्या व घट्टपणा, या सर्वांचा मिळून तो नाद. नवी डबी कितीहि उत्तम असली तरी तिचा स्वभाव निराळा. उलट जुन्याच चुंबकांवर तितकेच वेढे भरले तर नाद पुष्कळच तोच येईल. पण मूळची तार कायमची जाईल. द्रव्य राखावें तर नाद जातो, नाद राखावा तर द्रव्य जातें. शिवाय हा फेरफार उलटवितां येणारा नव्हता. आमचीच मर्यादा आमच्या आड आली.

येथें तंबोऱ्याच्या घोडीनें आम्हांस वाट दाखविली. तुटलेली तार ही खरवडून जावयाच्या जवारीसारखीच आहे. जें संपलें आहे तें काढल्यावांचून जें उरलें आहे तें बोलत नाहीं. ज्या तारेंतून प्रवाह जात नाहीं तिला ‘मूळची’ म्हणून राखणें म्हणजे कंठाऐवजीं कंठाचें चित्र राखणें. आणि ऐकणारें माणूस जिवंत आहे, ऐंशीच्या घरांत आहे, ही गोष्ट आमच्या मतें निर्णायक होती. पुढच्यांचा हक्क मानावयाचा म्हणून समोर बसलेल्या माणसाचा हक्क बुडवावा, असें त्या मर्यादेचें तात्पर्य खास नव्हे.

पडद्यांच्या बाबतींत मात्र आमचें व नातीचें शेवटपर्यंत जमलें नाहीं. दांडीवरील धातूचे पडदे बारीक तारांखालीं ठिकठिकाणीं खोल गेले होते; पांचव्या व सातव्या पडद्यावर तर नखानें चांचपतां येतील एवढे खड्डे. ते गृहस्थ कोणत्या सुरांवर अधिक रेंगाळत याचा तो लेखच होता. नात म्हणे, असल्या पडद्यांवर तार खरखरते, वाजवितां येत नाहीं. सर्व उपटून नवे ठोकूं. आम्हीं म्हटलें, फार झिजलेले तेवढेच बदला. कारागिरांचें मत तिच्या बाजूचें पडलें. कांहीं पडदे नवे व कांहीं जुने अशी पट्टी कधींच समतल राहत नाहीं, आणि वादकाचें बोट तेथें अडखळतें.

मुंबईस एक वृद्ध कारागीर असलें बारीक काम करतो. त्याच्याकडे गिटार गेली व सहा आठवड्यांनीं आली. जुन्या चुंबकांवर नवी तार भरलेली, पडदे सगळे नवे. रेडिओचें बटण, पितळी घोडी व आजोबांची खांच जशीच्या तशी. कापलेली तार व उपटलेले पडदे कारागिरानें न मागतां कागदाच्या पुडींत घालून परत पाठविले होते; त्यास पहिल्यापासून तीच संवय आहे असें समजलें. नातीनें झांकण लावण्यापूर्वीं आंतल्या चार तारखांखालीं पांचवी लिहिली व पुढें ‘तार, पडदे’ एवढेच शब्द घातले.

तिनें वाजवून दाखविलें. वहिनींनीं ऐकलें, आणि म्हणाल्या, आवाज तोच आहे, पण थोडा तिखट झालाय. नवे पडदे कीं नवी तार, कीं इतक्या वर्षांचे कान, हें आम्हां कोणासच सांगतां येईना. पुडी कोठें ठेवावी याचा निर्णय अजून झालेला नाहीं. तूर्त ती देव्हाऱ्याखालच्या खणांत आहे, आणि देवाच्या खणांत पडदे कशाला, म्हणून स्नेह्यांची तक्रार चालू आहे.